लाहिरी आणि करंदीकर

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची म्हणायला नको. हा लेख मी जळफळाटातून लिहिते आहे. आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला, "वसुधाताई, जन्मभर वकिली केलीत, काहीतरी गमतीदार लिहा." त्याच सकाळी मी शुभ्रा लाहिरीच्या ऑफिसच्या दारावरून परत आले होते आणि डोकं तापलेलं होतं. म्हटलं, लिहिते. गमतीदार होईल की नाही ते माहीत नाही.

बंगाल्यांच्या गावात जन्म काढला, पण आमच्या घरी शाकाहार. मत्स्य कधी पोटात गेला नाही, मत्सर मात्र भरपूर गेला. हा विनोद मी एकदा शुभ्राला ऐकवला. ती इतकी हसली की सगळं ऑफिस तिच्याभोवती जमलं आणि विनोद तिनंच केला असं सगळ्यांना वाटलं. आमचं नातं समजायला एवढं पुरे.

शुभ्रा आणि मी इथल्याच डलहौसी भागातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात बरोबरच लागलो. एकच टेबल, ती खिडकीच्या बाजूला, मी कपाटाच्या. खिडकीची बाजू तिला कशी मिळाली हे मला आजही कळलेलं नाही. आमचं काम कोर्टात उभं राहण्याचं नव्हे, करार लिहिण्याचं. दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास असतो तेव्हा आमच्याकडे येतात, आणि तो उडेल त्या दिवसासाठी आम्ही लिहून ठेवतो. त्यात मुख्य भानगड अटींची.

आता अट म्हणजे काय, हे मी अशिलांना इलिश माशावरून समजावते. मी खात नाही, पण या गावात दुसरं उदाहरण चालत नाही. जावई जेवायला येणार आहे. तुम्ही मासेवाल्याला सांगितलंत, सकाळी आठाला इलिश आणून दे, कागदात बांधून. त्यानं इलिशऐवजी दुसराच मासा, रुई आणला, तर तुम्ही तो घ्यायचं कारण नाही. व्यवहार तिथेच संपला. ही अट. त्यानं इलिशच आणला पण कागदाऐवजी पिशवीत आणला, तर तुम्ही कुरकुर कराल, थोडं कमी द्याल, पण मासा ठेवून घ्याल. ही नुसती हमी. मोडली तर करार मोडतो ती अट, आणि मोडली तरी करार टिकतो, फक्त भरपाई मिळते, ती हमी. मग आठाची वेळ ही अट की हमी? जावई नऊला पानावर बसणार असेल तर अट. रात्री येणार असेल तर नाही. या आठ वाजण्यावर आमच्या धंद्यातल्या कितीतरी माणसांची घरं चालली आहेत.

अटींचे आणखी प्रकार आहेत. एक आधीची अट. मला बदली मिळाली तर हा फ्लॅट तुम्हाला. बदली येत नाही तोवर करार झोपलेला. दुसरी बरोबरीची. तू किल्ली दे, मी पैसे देते, कुणी 'आधी तू' म्हणायचं नाही. तिसरी नंतरची. राहा खुशाल, पण अमुक झालं की संपलं. आणि एक न लिहिलेली असते. दोघांनाही ठाऊक आहे असं धरलेलं असतं, म्हणून कुणी लिहीत नाही. ही चौथी सगळ्यात वाईट. तिच्यापायी मी अशिलांना किती झापलं असेल. "मनात होतं तर बोलला का नाहीत? मनातलं मला टाइप करता येत नाही."

नंतरच्या अटीवरून बजबज गावचं एक प्रकरण आठवतं. नदीकाठचं घर एका गृहस्थांनी लांब मुदतीच्या भाड्यानं दिलं होतं आणि अट घातली होती, अंगणातला आंबा तोडला तर करार संपला. वादळात आंबा आपोआप पडला. मालक म्हणाले, झाड गेलं, तुम्हीही जा. भाडेकरू म्हणाला, पडलं, मी तोडलं नाही. मी 'तोडणे' या क्रियापदावर असं टिपण लिहिलं की आमचे साहेब खूश झाले. शुभ्रा जाऊन मालकांशी गप्पा मारत बसली. तिला कळलं की तो आंबा त्यांच्या बायकोनं लावला होता आणि बायको गेली होती. तिनं त्याच आंब्याची कोय कुणाकडून तरी रुजवून घेतली आणि दोघांना एकत्र उभं करून खड्ड्यात लावायला लावली. मालक रडले, भाडेकरू रडला, प्रकरण मिटलं. माझं टिपण फायलीत राहिलं. बजबजहून दरवर्षी आंबे आले, शुभ्राच्या नावानं. ती अर्धे मला द्यायची. मी घरी नेऊन मुलीला द्यायचे आणि मला गोड आवडत नाही असं सांगायचे.

पण असंही नव्हतं की मी तिचा नुसता राग राग करत होते. जिच्यावर जीव नाही तिचा एवढा हेवा करायला वेळ कुणाला आहे. ऑफिसखाली हरिपदची चहाची टपरी होती, अजून आहे. तिथे उभं राहून आम्ही दोघींनी ठरवलं होतं की आपलं स्वतंत्र ऑफिस काढायचं. नाव काय द्यायचं यावरून रोज भांडण. मी म्हणायचे करंदीकर आणि लाहिरी, क आधी येतो. ती म्हणायची लाहिरी आणि करंदीकर, जीभ आधी सोप्या नावावर वळू दे, मग अवघड. हरिपद एकदा कंटाळून म्हणाला, "दिदी, आधी पाटी तर करा."

मग एक दिवस शुभ्राला खरंच जागा मिळाली, दोन गल्ल्या पलीकडे. तिनं विचारलं, येतेस? मी म्हटलं, येते, पण केतकी लहान आहे, जरा शाळेत रुळू दे. ह्यांच्या बदलीचं काय होतं ते कळू दे. सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. थोडक्यात, मी आधीच्या अटी घातल्या, एकीवर एक. ती म्हणाली, बरं, मी थांबते. किती थांबणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा वाजवी मुदत धरतो. तिची वाजवी मुदत माझ्या वाजवी मुदतीपेक्षा आखूड निघाली. एका सकाळी खिडकीची बाजू रिकामी झाली. मी तिकडे सरकले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढे मीही माझं चेंबर काढलं, घराजवळ, भवानीपुरात. बरं चाललं. तिचं जास्त बरं चाललं. माझ्याकडे अशील काम झालं की निघून जायचे, तिच्याकडचे लग्नाच्या पत्रिका घेऊन यायचे. हे सगळं मी गिळलं असतं. पण केतकी.

केतकी माझी एकुलती एक. तिचं मराठी कोलकात्याचं, म्हणजे घरात आईपुरतं. शुभ्राला ती शुभ्रामाशी म्हणते. बंगालीत माशी म्हणजे मावशी. मराठीत म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. "शुभ्रामाशी आली" असं केतकी दारातून ओरडली की मला क्षणभर फार बरं वाटायचं.

तिची आणखी एक खोड होती. बंगालीत अपेक्षा म्हणजे वाट पाहणं. म्हणतात 'ओपेक्खा', शब्द आपलाच. केतकी लहानपणापासून म्हणायची, "आई, मी फाटकापाशी तुझी अपेक्षा करते." मी प्रत्येक वेळी सांगायचे, "वाट बघते म्हणावं. अपेक्षा वेगळी." ती म्हणायची हो, आणि पुढच्या वेळी परत अपेक्षाच करायची.

केतकी वकील झाली. निकालाच्या दिवशी घरी संदेश ही मिठाई आणली, शुभ्रा आली. मी मनात ठरवून टाकलं होतं की आता ही म्हणेल, आई, तुझ्याकडे येऊ? आपण होऊन म्हणायला हवं. मी विचारलं असतं तर ती आईचं मन मोडायला नको म्हणून आली असती, आणि मला तसं नको होतं. माझ्या चेंबरमध्ये मी तिच्यासाठी टेबलही करून घेतलं होतं, खिडकीच्या बाजूला. शुभ्रानं तोंडात संदेश असतानाच तिला विचारलं, "काय गं, सोमवारपासून येतेस का माझ्याकडे?" केतकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुझं तू बघ." सोमवारपासून ती गेली. अंगाचा तिळपापड म्हणतात तो मला त्या सोमवारी समजला. टेबलावर मी फायली रचून ठेवल्या.

आता बराकपूर. हे मी चेंबर बंद करण्याआधीचं शेवटचं मोठं काम.

माधुरी सबनीस मूळच्या पुण्याच्या. नवरा बराकपूरच्या छावणीत मुलकी अधिकारी म्हणून बदलून आलेला. बाई बालवाडीच्या शिक्षिका. प्रत्येक बदलीत नोकरी सोडलेली, प्रत्येक गावात पहिल्यापासून सुरुवात. या खेपेला त्यांनी ठरवलं होतं, दुसऱ्याच्या शाळेत नाही, स्वतःची काढायची. तिथल्या बागचीमाशिमांचं, म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं, बाग असलेलं घर होतं. खालचा मजला त्या भाड्यानं द्यायला तयार होत्या. करार मी लिहिला. समोरच्या बाजूनं वकील होती शुभ्रा, आणि तिच्या हाताखाली माझी मुलगी.

करारात एक आधीची अट होती. नगरपालिकेची शाळेला परवानगी येईल त्या दिवसापासून भाडेपट्टा सुरू. परवानगी काही येईना. आणि एक दिवस सबनीसबाईंचा मला फोन आला.

"वसुधाताई, बागचीबाईंनी फोन करून मला स्पष्ट सांगितलं. म्हणाल्या, माझी पूजेपर्यंतची अपेक्षा आहे. आता दुर्गापूजेपर्यंत परवानगी मी कुठून आणू? अशी तारीख करारात होती का?"

"नव्हती," मी म्हटलं.

"मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही अशा अपेक्षा करू नका, मला नाही जमायचं. आणि फोन ठेवला. मोडून टाका करार. माझ्या नशिबात स्वतःची शाळा नाहीच."

तिकडे माशिमाही दुखावल्या होत्या. त्यांनीही शुभ्राला सांगितलं की पूजेपर्यंतची मुदत मी आपण होऊन दिली आणि ती मुलगी माझ्या अंगावर आली. आता मला तिला जागाच द्यायची नाही.

शेवटी बराकपूरला माशिमांच्या व्हरांड्यात बैठक ठरली. एका बाजूला मी आणि सबनीसबाई, दुसऱ्या बाजूला शुभ्रा, केतकी आणि माशिमा. दोन्ही अशील तोंडं फिरवून बसलेल्या, एकमेकींशी अक्षर नाही. बोलत होतो आम्ही दोघी, वकिलांच्या इंग्रजीत. मी म्हटलं, पूजेची मुदत ही नवी अट आहे, एका बाजूला ती नंतर घुसवता येत नाही. शुभ्रा म्हणाली, मुदतच नसेल तर वाजवी मुदत धरतात, आणि पूजेपर्यंत म्हणजे वाजवीपेक्षा जास्तच. वाजवी मुदतीवर ती माझ्याशी वाद घालत होती, म्हणजे बघा. माझा आवाज चढला. मी त्या दिवशी सबनीसबाईंसाठी भांडत होते असं मला वाटत होतं. केतकी खाली मान घालून टिपणं काढत होती, आणि शुभ्रा मध्येच वाकून तिला हळू काहीतरी सांगायची, ती मान डोलवायची. ते वाकणं मला बघवत नव्हतं.

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. ती उठली आणि माझ्या खुर्चीमागून जाताना कानाशी म्हणाली, "आई, संपलं की सांग. मी खाली बागेत तुझी अपेक्षा करते."

सबनीसबाई एवढ्या रडवेल्या, पण शिक्षिका. त्यांच्यातली बालवाडी जागी झाली. "अगं, वाट बघते म्हण. अपेक्षा कसली करतेस?"

मी चाललेला वाद तिथेच सोडला. मी त्यांच्याकडे वळून मराठीत विचारलं, "माधुरीताई, माशिमा तुमच्याशी फोनवर कुठल्या भाषेत बोलल्या?"

"बंगालीत. मला कळतं की आता. सगळे शब्द आपलेच आहेत."

"नेमकं काय म्हणाल्या? त्यांच्या शब्दांत सांगा."

त्या आठवून म्हणाल्या, "आमि पूजो पोरजोन्तो अपेक्षा कोरबो."

पुढचं मी बंगालीत, केतकीच्या बोलण्यापासून सुरुवात करून, माशिमांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्या तुम्हाला बजावत नव्हत्या. पूजेपर्यंत मी तुमच्यासाठी थांबीन, असं म्हणाल्या. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, अपेक्षा करू नका. म्हणजे त्यांना ऐकू आलं, माझ्यासाठी थांबू नका.

माशिमा आधी सावरल्या. म्हणाल्या, "दोन भाडेकरू परत पाठवले मी हिच्यासाठी. आणि मी कुठली पूजो ते तरी म्हटलं होतं का? दुर्गापूजो गेली तर कालीपूजो आहे, सरस्वतीपूजो आहे." सबनीसबाई उठून त्यांच्या पाया पडल्या. मी हातोहात करारात ओळ घातली, परवानगीसाठी सरस्वतीपूजेपर्यंत थांबायचं. परवानगी आली, आणि सरस्वतीपूजेच्याच दिवशी तिथे पोरांनी पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं. माझं हे काम मला आवडतं, आणि त्या दिवशी ते मी चांगलं केलं. हे दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

कारण व्हरांड्यात काय झालं ते सांगते. माशिमांनी बागेतून वर आलेल्या केतकीला जवळ घेतलं आणि शुभ्राला म्हणाल्या, "तुझी मुलगी मोठी गुणी आहे. तिच्यामुळे उलगडलं." मी तोंड उघडायच्या आत शुभ्रा म्हणाली, "माझी कुठली, मुलगी हिची आहे. आणि उलगडलंही हिनंच. हे करार लिहिण्यात मी हिच्या जवळपाससुद्धा नाही." मनापासून म्हणाली. म्हणजे तेवढंही मला स्वतः करता आलं नाही, तेही तिनंच केलं. आणि वर माशिमांना तीच जास्त आवडली, इतका मोठेपणा म्हणून.

शुभ्रा इलिश जेवायला थांबली. केतकी आणि मी स्टेशनवर आलो. सियालदाची गाडी यायची होती. मला काय झालं कुणास ठाऊक, जिंकल्याचा जोर असेल, मी सरळ विचारलं, "केतकी, माझ्या चेंबरमध्ये येतेस का?"

"आई, शुभ्रामाशीनं गेल्या आठवड्यात विचारलं. भागीदारीचं. मी हो म्हटलंय."

"बरं," मी म्हटलं.

"तुला सांगणारच होते." मग ती माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. "मी तुझी किती अपेक्षा केली, आई. तू एकदाही विचारलं नाहीस."

वाट पाहिली म्हणावं, हे शब्द सवयीनं माझ्या ओठांवर आले. मी ते गिळले. गाडी आली, आम्ही चढलो. बायकांच्या डब्यात जागा होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सियालदापर्यंत झोपली, आणि मी जागी राहून शुभ्राचा विचार करत होते. तिनं फक्त विचारलं होतं. मला विचारलं, माझ्या मुलीला विचारलं. दोन्ही वेळा मी तिथेच उभी होते.

चेंबर मी बंद केलं. खिडकीजवळचं टेबल सबनीसबाईंच्या शाळेला देऊन टाकलं. त्याचे पाय कापून त्यांनी पोरांच्या उंचीचं केलं.

आणि आता त्या सकाळबद्दल, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. केतकी नको म्हणत होती, आई, उद्घाटनालाच ये, सगळे असतील. मला सगळ्यांबरोबर बघायचं नव्हतं. मी आदल्या दिवशी एकटीच गेले. नवी पितळी पाटी होती. लाहिरी आणि करंदीकर. सोपं नाव आधी, मग अवघड. इतकी वर्षं मी म्हणत आले की शुभ्रानं माझी मुलगी नेली. तिथे पाटीखाली उभी राहिले आणि वाटलं, माझी जागा तर केतकीनं नेली. पोटच्या पोरीचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटला.

परतताना हरिपदच्या टपरीवर थांबले. त्यानं मला बघितलं, दोन गल्ल्यांपलीकडे हात केला आणि तोंड भरून हसला.

"पाहून आलो, दिदी. शेवटी झाली म्हणायची तुमची पाटी."

"हो," मी म्हटलं. "झाली."

त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. साखर जरा जास्तच घातली होती, पण मी तो सगळा प्याले.